घरच्या पिनबॉलसाठी कंट्रोल बोर्ड निवडताना: आधी कॉइल मोजा, मग प्रोसेसर बघा

सखाराम महाराजांच्या यात्रेत, अमळनेरला बोरीच्या पात्रात, खिळ्यांच्या पाटीचं एक दुकान लागायचं. तिरपी लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, खाली खण. वरून गोटी सोडायची, ती ज्या खणात जाईल तेवढे गुण. एकदा गोटी सुटली की आपण नुसतं बघत राहायचं. पिनबॉल म्हणजे हीच पाटी, पण खाली दोन फ्लिपर, म्हणजे बटण दाबून बॉल टोलवायचे दांडे, असलेली. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रावर विजेचे फ्लिपर पहिल्यांदा आले आणि नशिबाचा खेळ हाताचा झाला.

तो हाताचा झाला म्हणूनच सगळा भार कंट्रोल बोर्डावर, म्हणजे बटणं वाचून फ्लिपर हलवणाऱ्या सर्किटवर, येतो. बटण दाबल्यावर फ्लिपर उशिरा उठला तर खेळात मजा नाही. फ्लिपर उठला आणि सुटलाच नाही तर त्याला खेचणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, जळते. घरच्या पत्र्याच्या खोलीत मी असं एक यंत्र उभं केलं आणि त्यात तीनदा बोर्ड बदलला. प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा, हा प्रश्न मी पहिल्यांदा पहिला विचारला होता. आता तो शेवटी विचारतो.

कागद, पेन्सिल आणि मोजणी

फळीचा आराखडा काढा आणि प्रत्येक वस्तूसमोर दोन आकडे लिहा: कॉइल किती, स्विच किती. माझ्या साध्या यंत्राचा हिशोब असा होता. कॉइल: फ्लिपर २, त्यांच्या वरचे तिरपे स्लिंगशॉट २, बॉल आपटला की त्याला उडवणारे बंपर ३, बॉल वर ढकलणारी १, पडणारी टार्गेटं उभी करणारी १, खड्ड्यातून बॉल उडवणारी १. एकूण १०. बॉल सोडायला हाताने ओढायचा स्प्रिंगचा प्लंजर ठेवला, त्यामुळे एक कॉइल वाचली. पहिल्या यंत्राला तोच ठेवा, खेचायला मजाही जास्त येते.

स्विच मात्र मोजता मोजता वाढतात. फ्लिपरची बटणं २, फ्लिपर पूर्ण उठल्याचं सांगणारे २, स्लिंगशॉट २, बंपर ३, बॉल साठवायच्या नळीत ४, वरच्या गल्ल्यांत ४, खालच्या आतल्या-बाहेरच्या गल्ल्यांत ४, पडणारी टार्गेटं ३, उभी टार्गेटं ५, खड्डा १, प्लंजरची गल्ली १, आणि सुरू करायचं बटण, नाणं, टिल्ट (यंत्र हलवल्याचं ओळखणारा), दार मिळून ४. झाले ३५. यावर पाव हिस्सा जास्तीचा धरा, कारण फळी कापून झाल्यावर 'इथे अजून एक टार्गेट पाहिजे' असं प्रत्येकाला वाटतंच.

हा कागद हातात आला की निम्मे बोर्ड आपोआप बाद होतात.

कॉइल किती खाते

बाजारात मिळणाऱ्या तयार पिनबॉल कॉइल ४८ ते ५० व्होल्टच्या आसपास चालवतात. फ्लिपरच्या जोरदार कॉइलचा रोध साधारण ४ ओहम असतो. ४८ भागिले ४, म्हणजे १२ अँपिअर. पाचशे सत्तर वॉटच्या वर. इस्त्री जेवढी वीज खाते तिच्या जवळपास जाणारा हा आकडा मुठीत मावणाऱ्या प्लास्टिकच्या बॉबिनमध्ये, म्हणजे तार गुंडाळलेल्या रिळात, जातो. २० ते ३० मिलिसेकंद जाऊन थांबला तर कॉइल नुसती कोमट होते. थांबलाच नाही तर काही सेकंदांत वार्निशचा वास येतो आणि बॉबिन वितळून तिच्यातला लोखंडी दांडा आतच अडकतो. बंपरची कॉइल ११ ओहमच्या आसपास, म्हणजे चार-साडेचार अँपिअर. तीही अडकली तर जळतेच, जरा सावकाश.

फ्लिपरची अजून एक अडचण अशी की खेळणारा बटण दाबून धरतो. बॉल फ्लिपरवर थांबवून नेम धरायचा असतो, तेव्हा कॉइल तितका वेळ चालू राहायला हवी. यावर दोन तोडगे आहेत. जुना तोडगा म्हणजे एकाच बॉबिनवर दोन गुंडाळ्या: एक जाड तारेची, उचलायला, दुसरी बारीक तारेची, शंभराहून जास्त ओहमची, धरून ठेवायला. नवा तोडगा म्हणजे एकच गुंडाळी, पण सुरुवातीचा झटका दिल्यावर वीज भराभर चालू-बंद करत आठव्या हिश्श्यावर आणायची. तेव्हा कॉइलमधून सरासरी दीड अँपिअर वाहतो आणि ती नऊ वॉटच्या आसपास तापते. बोर्ड घेताना त्याला हे चालू-बंद करणं प्रत्येक कॉइलसाठी वेगळं जमतं का, ते बघा. जमत नसेल तर दोन गुंडाळ्यांची कॉइल घ्यावी लागेल आणि दर फ्लिपरला एक आउटपुट जास्त लागेल.

इथे खान्देशातल्या माणसाची एक सोय सांगतो. विहिरी आणि बोअरच्या मोटारींमुळे आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावाला मोटर रिवायंडिंगची दुकानं आहेत. मी जळालेली बंपरची कॉइल घेऊन अशाच एका दुकानात गेलो. दुकानातल्या आप्पांनी ती उलटीसुलटी केली. "हाई काय शे रे भो?" म्हटलं, आप्पा, खेळण्यातली आहे. त्यांनी वेढे मोजायचं यंत्र पुढे ओढलं आणि चहा येईपर्यंत कॉइल तयार केली. फक्त एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. पिनबॉल कॉइलवर 'एई-२६-१२००' असं काही छापलेलं असतं, म्हणजे २६ नंबरची तार, १२०० वेढे. हा २६ नंबर अमेरिकी मापातला आहे, जाडी ०.४०५ मिलिमीटर. आपली दुकानं ब्रिटिश मापातले नंबर वापरतात आणि त्यांची २६ नंबरची तार ०.४५७ मिलिमीटरची असते. ती लावली की वेढे बॉबिनमध्ये मावत नाहीत, आणि दाबून बसवले तर रोध पाचवा हिस्सा कमी होऊन करंट पाव पटीने वाढतो. आपल्या दुकानात २७ नंबर मागा, ती ०.४१७ मिलिमीटर भरते. सगळ्यात बरं म्हणजे नंबर बोलूच नका, मायक्रोमीटरने मोजलेली जाडी सांगा.

अडकला तर सुटेल का?

बोर्ड कोणताही असो, मी आता त्याची एकच परीक्षा आधी घेतो: प्रोग्राम मध्येच अडकला, केबल निघाली, वीज गेली-आली, तर चालू असलेली कॉइल सुटेल का?

माझा पहिला बोर्ड ईएसपी३२ होता. वेगवान, स्वस्त, वायफाय असलेला, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमधूनही आणता येईल असा. मी एक कॉइल त्याच्या अशा पिनेवर लावली जी बोर्ड सुरू होताना स्वतःच हलते. ०, २, १२ आणि १५ या पिना सुरू होण्याच्या क्षणी बोर्ड स्वतःच्या कामाला वापरतो, हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. बटण दाबलं, बंपर एकदा उडाला. हसलो. मग प्रोग्राम टाकताना चूक झाली, बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू व्हायला लागला आणि बंपर मशीनगनसारखा वाजू लागला. मी आधी लॅपटॉपकडे धावलो, प्लगकडे नाही. हीच ती आप्पांकडे नेलेली कॉइल.

म्हणून परीक्षा कॉइलवर घेऊच नका, बल्बवर घ्या. मोटारसायकलच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, १० वॉटचे बल्ब घ्या, कॉइलच्या जागी जोडा आणि ४८ ऐवजी १२ व्होल्टचा सप्लाय लावा. मग बोर्डाला जेवढा छळता येईल तेवढा छळा. वीस वेळा चालू-बंद करा. रीसेट दाबून धरा. बल्ब पेटलेला असतानाच यूएसबी ओढा. प्रोग्राममध्ये मुद्दाम कधीच न संपणारा लूप टाका. लॉजिकचा, म्हणजे बोर्ड स्वतः चालतो तो, ५ व्होल्ट आधी काढा आणि १२ तसाच ठेवा. यात एकही बल्ब क्षणभर लुकलुकला तर त्या जागी कॉइल उडाली असती. बल्ब पेटून राहिला तर ती जळाली असती. असा बोर्ड किंवा अशी जोडणी बाद.

या परीक्षेत नापास होणारी काही ओळखीची मंडळी आहेत. पिना वाढवायला वापरतात ती ७४एचसी५९५ चिप: वीज आल्यावर तिचे आउटपुट काय असतील याचा भरवसा नसतो. ती वापरायचीच तर तिची आउटपुट सुरू करायची पिन रेझिस्टरने वर खेचून ठेवा आणि चिपमध्ये शून्यं भरून झाल्यावरच प्रोग्रामने खाली आणा. आर्डुइनो या बोर्डाची १३ नंबरची पिन: सुरू होताना तिच्यावरचा दिवा लुकलुकतो, तशी कॉइलही लुकलुकेल. ० आणि १ या पिनांवर संगणकाशी बोलणं चालू असतं. आणि आपला लाडका निळा रिले मॉड्यूल. त्याच्या अंगावरच १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी असं लिहिलेलं असतं. ४८ व्होल्ट डीसीवर कॉइल तोडताना त्याच्या पट्ट्या ठिणगीने चिकटतात, आणि चिकटलेला रिले म्हणजे कायमची चालू कॉइल. फ्लिपरसाठी तो हळूही आहे. दिव्यांना वापरा, कॉइलला नको.

तीन वाटा

पहिली वाट तयार पिनबॉल कंट्रोलरची. मल्टिमॉर्फिकचा पी३-रॉक आणि फास्ट पिनबॉलचे बोर्ड यासाठीच बनवलेले आहेत. पी३-रॉकला १६ आउटपुटचे आणि १६ इनपुटचे छोटे बोर्ड साखळीने जोडायचे असतात. फास्टचे बोर्ड नावावरूनच कळतात: ३२०८ म्हणजे ३२ स्विच आणि ८ कॉइल, १६१६ म्हणजे १६ आणि १६, ०८०४ म्हणजे ८ आणि ४. माझ्या कागदाला एक ३२०८ आणि एक १६१६ पुरून उरले असते. यांची मोठी गोष्ट म्हणजे फ्लिपरचा नियम बोर्डावरच बसतो. बटण दाबलं की बोर्ड स्वतः कॉइल उडवतो, संगणकाला विचारायला जात नाही. संगणक फक्त गुण, आवाज आणि दिवे सांभाळतो. यांच्यासोबत मिशन पिनबॉल फ्रेमवर्क हे मोफत सॉफ्टवेअर चालतं, त्यात बराचसा खेळ प्रोग्रामिंगऐवजी साध्या मजकुराच्या फायली भरून उभा राहतो. अडचण इतकीच की बोर्ड परदेशातून येतो. किमतीवर कुरिअर, त्यावर कस्टम. आणि एखादा मॉसफेट (कॉइल चालू-बंद करणारा भाग) सोडून दुसरं काही उडालं तर पुन्हा तीच वारी. पैसे असतील आणि इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा खेळाची रचना करण्यात रस असेल, तर हाच रस्ता धरा. यात कमीपणा काही नाही.

दुसरी वाट ओपन पिनबॉल प्रोजेक्टच्या खुल्या आराखड्यांची. सर्किट आणि बोर्डाचा नकाशा मिळतो, पीसीबी (भाग बसवायची सर्किटची पाटी) छापून घ्यायचा, भाग स्वतः डागायचे. वरचं सॉफ्टवेअर हेही बोर्ड ओळखतं, फ्लिपरचा नियम इथेही बोर्डावरच बसतो. डाग देण्यात हात साफ असेल तर पैसा आणि भरवसा यांचा सगळ्यात चांगला मेळ मला इथे दिसतो.

तिसरी वाट सगळं स्वतः करण्याची. मी शेवटी इथे थांबलो आणि ईएसपी३२ वरून उलट जुन्या आर्डुइनो मेगा २५६० वर आलो. १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे ईएसपी३२ च्या पंधराव्या हिश्श्याचा वेग. पण त्याला ५४ डिजिटल पिना आहेत, शिवाय १६ अॅनालॉग पिना साध्या पिनांसारख्या वापरता येतात. माझे ३५ स्विच आणि १० कॉइल थेट बसल्या, मध्ये कोणतीही चिप नाही. प्रत्येक मिलिसेकंदाला सगळे स्विच वाचायला हा वेग भरपूर आहे, माणसाच्या बोटाला त्याहून बारीक काही कळत नाही. दुसरं म्हणजे त्याच्या पिना ५ व्होल्टच्या आहेत, मॉसफेटचं गेट, म्हणजे चालू-बंदचा इशारा घेणारा पाय, ३.३ व्होल्टपेक्षा जास्त नीट उघडतं. रीसेट झाला की सगळ्या पिना मोकळ्या सुटतात, मग गेटवरचा खाली खेचणारा रेझिस्टर कॉइल बंद करतो. रास्पबेरी पाय पिकोही या कामाला चांगला आहे, पण त्याला २६ पिना आणि ३.३ व्होल्ट, म्हणजे चिपा वाढवणं आलं.

शर्त एकच: प्रोग्राममध्ये कुठेही डिले (नुसतं थांबून राहायची आज्ञा) लिहायचा नाही आणि वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) चालू ठेवायचा.

मॉसफेटची फळी

दर कॉइलला एक आयआरएल ५४०एन. तो १०० व्होल्टचा आहे आणि नावातला 'एल' महत्त्वाचा, कारण ५ व्होल्टवर नीट उघडतो. आयआरएफ ५४०एन दिसायला जुळा भाऊ, पण त्याला गेटवर १० व्होल्ट लागतात. ५ वर तो अर्धवट उघडतो, तापतो आणि बहुतेकदा आरपार शॉर्ट होऊन मरतो, मग कॉइल चालूच. आयआरएलझेड ४४एन ५५ व्होल्टचा आहे, ४८ च्या सप्लायला ती जागा फार अपुरी.

गेट आणि पिनेच्या मध्ये १०० ओहम, गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम. कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००४ किंवा १एन४००७ डायोड, पट्टी प्लसकडे, आणि तो बोर्डावर नाही, कॉइलच्या लगवर, म्हणजे तिच्या तारा डागायच्या पट्ट्यांवर. डायोड उलटा लागला तर मॉसफेट उघडताक्षणी सरळ शॉर्ट होतो.

नकली मॉसफेट खूप फिरतात. दुकानातून आणल्यावर गेटला ५ व्होल्ट देऊन त्यातून २ अँपिअर वाहू द्या आणि दोन टोकांतला व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या जवळपास आला तर खरा. अर्धा व्होल्ट आला तर दुकानदाराला परत.

सप्लाय, आणि आपला मे महिना

४८ व्होल्ट, साडेतीनशे वॉटचा एसएमपीएस, म्हणजे तयार मिळणारा सप्लायचा डबा, सात अँपिअरच्या आसपास देतो, आणि फ्लिपर तर १२ मागतो. तरी चालतं, कारण मागणी क्षणाची असते. आउटपुटला ६३ व्होल्टचा १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, झटका तो सोसतो. त्याच्यावर २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आडवा टाका, नाहीतर प्लग काढल्यावरही आत ४८ व्होल्ट भरलेले राहतात. हा रेझिस्टर असूनही रिकामं व्हायला दोनेक मिनिटं जातात, तेवढं थांबून मगच हात घाला.

बरेच एसएमपीएस ५० अंशांच्या वर पूर्ण वॉट देत नाहीत, हे त्यांच्या माहितीपत्रकातल्या आलेखात असतं. पुण्यात बसून हा आलेख कोणी बघत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेरच पारा ४५ ओलांडतो, लाकडी पेटीच्या आत त्याहून दहा अंश सहज जास्त. सप्लाय एक पायरी मोठा घ्या, पेटीच्या मागे वर जाळी आणि खाली पंखा द्या. तांब्याचा रोधही दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली की रोध पाचव्या हिश्श्याने वाढतो, करंट घटतो आणि जोर जातो. दुपारी फ्लिपर ढिला वाटतो तो यामुळे, प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नका.

फ्यूज सगळ्यांचा मिळून एक नको. दर फ्लिपरला वेगळा, बाकीच्यांचे तीन-चारांचे गट. ३ अँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज १२ अँपिअरचा ३० मिलिसेकंदांचा झटका खातो, पण फ्लिपरची कॉइल अडकून राहिली तर काही सेकंदांत उडतो. ४८ च्या वाटेत दाराचा स्विच टाका, पेटी उघडली की ४८ बंद. वीज येता-जाता क्रम असा हवा: येताना लॉजिक आधी आणि ४८ नंतर, जाताना ४८ आधी. माझ्याकडे लॉजिक जागं झाल्यावर मेगा स्वतः एक मोठा, ८० व्होल्ट डीसीचा कॉन्टॅक्टर ओढतो. लोडशेडिंगच्या गावात ही चैन नाही.

वायर मुख्य ४८ ला दीड चौरस मिलिमीटरची, कॉइलला एकची. स्विचच्या तारा कॉइलच्या तारांसोबत एकाच जुडीत बांधू नका, नाहीतर बंपर उडाला की भलत्याच टार्गेटचे गुण मिळतात. स्विचला वर खेचायला चिपमधला आतला रेझिस्टर फार कमकुवत, बाहेरून १ किलोओहम लावा. सगळे ग्राउंड एकाच बोल्टवर आणा.

दिव्यांबद्दल थोडक्यात. डब्ल्यूएस २८१२बी पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, ४० दिव्यांना अडीच अँपिअर धरा. त्याला माहिती पाठवताना मेगा बाकी सगळं थांबवतो, दर दिव्याला ३० मायक्रोसेकंद. ४० दिव्यांना सव्वा मिलिसेकंद, ते चालतं. ३०० दिवे केलेत तर ९ मिलिसेकंद कॉइल वाऱ्यावर. त्यापेक्षा दिव्यांना वेगळा आर्डुइनो नॅनो द्या.

पहिल्यांदा चालू करताना

बल्बची परीक्षा पास झाली की एक बल्ब काढून तिथे बंपरची कॉइल लावा, सप्लाय अजून १२ वरच. ती नुसती हलेल, तेवढं पुरे. मग २४. मग ४८, झटका १० मिलिसेकंदांपासून सुरू करून दोन-दोनने वाढवत न्या. बॉल २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा पोलादी. तो बेअरिंगच्या दुकानात मिळतो, बॉबिनच्या जोराचा अंदाज खऱ्या बॉलवरच घ्या. फळीचा उतार साडेसहा अंश. फ्लिपर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा एक माणूस प्लगजवळ उभा ठेवा, त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. माझ्याकडे हे काम भाच्याचं होतं.

दहा मिनिटं खेळल्यावर प्लग काढा, दोन मिनिटं थांबा आणि प्रत्येक बॉबिनला हात लावा. हात टेकवता आला नाही त्या कॉइलचे दोन मिलिसेकंद कमी करा आणि पुन्हा खेळा.